पीव्हीसीचा टी-रेक्स आणि गोव्याची हवा

१९९३च्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटातल्या टी-रेक्स डायनासोरची ही ३० सेंटिमीटरची फिगर, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची प्रतिकृती, रंगकामात अव्वल आहे. ओल्या कातडीची चमक फक्त पाठीवर आहे, त्यामुळे पावसातला प्रसंग लगेच डोळ्यांपुढे येतो. त्या चित्रीकरणात स्पेशल इफेक्ट्स कलाकार स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेल्या यांत्रिक टी-रेक्सची फोम रबरी कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि अख्खं धूड थरथरायचं.

फिगरची कमजोरी घोट्यांत. सगळा भार दोन पायांवर, त्यात पणजीतला मे महिन्याचा उकाडा. मऊ पीव्हीसी वाकतं आणि नाक खाली येतं. पाय ६०-७० अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटं बुडवा, सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. छातीखाली पारदर्शक आधार द्यावाच.

अंग चिकट लागलं तर घाबरू नका. प्लास्टिक मऊ ठेवणारा द्रव बाहेर आलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. थिनर मुळीच नको, रंग जातो. हवाबंद डब्यात चिकटपणा वाढतो, म्हणून कपाटाला फट हवी. फिगरचं पुठ्ठ्याचं खोकं मात्र पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह वेगळं बंद ठेवा, नाहीतर बुरशी धरते.