क्लासिकल खांबांचा तयार संच: पानं नंतर, आधी मान बघा

पोर्चसाठी फायबरग्लासचे चार खांब, बैठका, स्तंभशीर्षं आणि वर लावायच्या पट्ट्या असा तयार संच मिळतो. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन या ग्रीक-रोमन स्थापत्यातल्या तिन्ही प्रकारांत. माहितीपत्रकावर मिरवतो कोरिंथियन, आणि तिघांत फसवा मालही तोच. त्याच्या शीर्षावर अकँथस या कातरलेल्या पानांच्या झुडपाच्या पानांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकीत आठ पानं. पानाचं टोक बाहेर वळून खाली झुकायला हवं. त्याखाली पडणाऱ्या सावलीवरच सगळी शोभा. साच्यातून तुकडा सहज सुटावा म्हणून इथे टोकं आत दाबलेली आहेत. रंगाचे दोन हात बसले की वितळलेल्या मेणबत्तीसारखं दिसतं.

खांबाचं अंग मात्र नीट जमलंय. खालचा एक तृतीयांश भाग सरळ, मग हलक्या फुगवट्यानं निमुळतं होत तळाशी 30 सेंमी, तर मानेशी, म्हणजे शीर्षाच्या लगेच खाली, 25. याच फुगवट्याला एंटासिस म्हणतात. खांब आडवा ठेवून तळाकडून एक डोळा मिटून बघा: कड सलग वळली पाहिजे, मध्येच मोडता कामा नये. सरळ पाइपवर शीर्ष चिकटवलेले संच उभे केले की डोकंजड दिसतात.

गोची प्रमाणात आहे. इटालियन वास्तुविशारद विन्योलाच्या 1562 सालच्या नियमांत बैठक आणि शीर्ष धरून खांबाची उंची तळाच्या व्यासाच्या डोरिकला 8 पट, आयोनिकला 9, कोरिंथियनला 10 पट. म्हणजे 3 मीटरच्या डोरिकला 37.5 सेंमी व्यास हवा. इथे तिन्ही शीर्षं त्याच 30 सेंमीच्या अंगावर येतात, त्यामुळे डोरिक काटकुळा दिसतो. शिवाय त्याला 24 पन्हळी, म्हणजे उभ्या खाचा, आणि मध्ये सपाट पट्ट्या, म्हणजे अंग आयोनिकचंच. ग्रीक डोरिकला 20 पन्हळी, धारदार कडा, आणि तो बैठकीशिवाय थेट जोत्यावर उभा राहतो. बैठक रोमन डोरिकला शोभते.

उंची कमी करायची तर तळाकडून कापा. वरून कापलं की मान जाड राहते आणि शीर्ष बसत नाही. तळाचा भाग सरळ असल्यानं कागदाची पट्टी भोवती गुंडाळली की कापायची रेघही बरोबर येते. उभं करताना ओळंबा थेट कडेला लावून चालत नाही: दोरी तळाशी टेकली, तर मानेजवळ चारही बाजूंनी 2.5 सेंमी फट दिसायला हवी. एकीकडे 1 आणि समोर 4 दिसली, तर खांब कललाय.

दोन फाकांचं हे कवच भार घेत नाही. भार आतल्या पाइपनं किंवा काँक्रीटच्या खांबानंच पेलायचा. उन्हात फायबर वाढतं, म्हणून कवचाच्या वर 5-6 मिमी फट ठेवून ती लवचीक सीलंटनं भरा. फाकांचा सांधा मागच्या बाजूला घ्या आणि पॉलिएस्टर पुट्टीनं बुजवा. भिंतीची पुट्टी लावली तर तिथे उभी चीर जाते.

सर्वांत जास्त चुकतं ते मानेपाशी. आर्किट्रेव्हचा, म्हणजे खांबांवरच्या तुळईचा, दर्शनी भाग मानेच्या रेषेत यायला हवा, अबॅकसच्या, म्हणजे शीर्षावरच्या सपाट पाटाच्या, कडेच्या नव्हे. मान 25 सेंमी तर तुळईही 25 सेंमी रुंद. पत्रकातल्या आकृतीत ती अबॅकसइतकी रुंद दाखवली आहे. गवंडी तशीच बांधेल, आणि शीर्ष वर चिणल्यासारखं दिसेल. वरच्या पट्ट्याही अपुऱ्या. आर्किट्रेव्ह, त्यावरचा फ्रीझचा पट्टा आणि सर्वांत वर पुढे आलेली कॉर्निस मिळून खांबाच्या उंचीचा चौथा हिस्सा, म्हणजे 3 मीटरला 75 सेंमी हवेत. संचात जेमतेम 40 भरतात. डोरिकच्या फ्रीझवरच्या ट्रायग्लिफची, म्हणजे उभ्या खाचांच्या ठोकळ्यांची, पट्टी सलग लांबीत येते. ती टोकापासून लावू नका. खांबाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ आणून दोन्हीकडे मोजत जा.

घ्यायचाच तर आयोनिक घ्या. 30 सेंमी नेमका जुळतो कोरिंथियनला, पण त्याची पानं बिघडलेली; आयोनिकला हवा असलेला 33 सेंमी व्यास या 30 च्या जवळचा. फक्त आयोनिक शीर्षाच्या वेटोळ्या पुढे आणि मागेच असतात, बाजूनं नुसती गुंडाळी दिसते. पोर्चच्या कोपऱ्यावर ती उघडी पडते. कोपऱ्याच्या दोन खांबांसाठी चारही बाजूंना तिरप्या वेटोळ्यांचं, स्कामोझी पद्धतीचं शीर्ष वेगळं मागवावं लागतं. मूळ संचात ते नाही.