उन्हाळी फेलोशिप की ‘टेअर’? ठाणे-नवी मुंबईतल्या प्राध्यापकांसाठी परीक्षण

फेलोशिप चांगली आहे, पण तिच्याकडून मोठ्या संशोधन संस्थेशी टिकाऊ भागीदारीची अपेक्षा ठेवू नका; त्यासाठी ‘टेअर’ ही प्राध्यापकांना यजमान संस्थेशी तीन वर्षे जोडणारी वेगळी योजना आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा (भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) आणि प्रयागराजची नासी (राष्ट्रीय विज्ञान अकादमी) या तीन अकादम्या मिळून विद्यार्थी व शिक्षकांसाठी जी उन्हाळी संशोधन फेलोशिप चालवतात, तिच्याबद्दल ऊर्जा विषयातल्या प्राध्यापकांना हे आधीच सांगितलेले बरे. दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते, विद्यावेतन मिळते, शेवटी अहवाल द्यायचा असतो. अहवाल दिला की विषय संपला. आपले महाविद्यालय त्यात फक्त पत्त्यापुरते.

पहिली अडचण तारखांची. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जाग आलेल्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा आणि पेपर तपासणी मे-जूनमध्येच येते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार कर्तव्य रजा शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंतच मिळू शकते. आठ आठवड्यांचे ५६ दिवस होतात. उरलेले दिवस सुट्टीतूनच काढावे लागतात. म्हणून प्राचार्यांकडून नुसते ‘हरकत नाही’ असे पत्र घेऊ नका. त्यात तारखा हव्यात आणि त्या काळात पर्यवेक्षण व कॅपचे (विद्यापीठाच्या केंद्रीय उत्तरपत्रिका तपासणीचे) काम दिले जाणार नाही, असे स्पष्ट वाक्य हवे. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कॅपचा आदेश हातात पडतो आणि चालू प्रयोग बंद करून परत यावे लागते.

खरा कस लागतो तो विषय निवडताना. ५६ दिवसांत काय बसते, हे अर्ज लिहिण्याआधी कागदावर मांडून पाहा. बॅटरीचे उदाहरण घ्या. सी/२ दराने (पूर्ण क्षमता दोन तासांत भरेल अशा वेगाने) चार्ज व्हायला दोन तास, डिस्चार्जला दोन तास, म्हणजे एका सायकलला (चार्ज-डिस्चार्जच्या एका फेरीला) चार तास. १०० सायकलना ४०० तास लागतात, साधारण १७ दिवस. मधली विश्रांती वेगळी. ५०० सायकल म्हणजे २,००० तास, ८३ दिवस. तरीही अर्जांत ‘५०० सायकलपर्यंत टिकाऊपणा’ असे सर्रास लिहिलेले दिसते. त्यात सुरुवातीचे दिवस सुरक्षा प्रशिक्षणात आणि ग्लोव्ह बॉक्स (हवाबंद पेटीत हातमोज्यांतून काम करणे) शिकण्यात जातात, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारे यंत्र) किंवा एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) पाळी लगेच लागत नाही, आणि पहिल्या काही कॉइन सेल (नाण्याच्या आकाराच्या चाचणी बॅटऱ्या) हमखास बिघडतात: इलेक्ट्रोलाइट कमी पडते, नाहीतर क्रिम्पिंग (झाकण दाबून बंद करणे) सैल राहते. १०० सायकल आणि दोन रचनांची तुलना, एवढे ठेवले तर निकाल हाती लागतो.

सौर पॅनेलवरच्या धुळीचे काम आपल्या भागाला अगदी साजेसे आहे. मात्र मान्सून मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. पहिल्या जोरदार सरीत पॅनेल धुऊन निघते आणि मोजमापांची मालिका तुटते. म्हणून मोजमाप आपल्याच महाविद्यालयाच्या गच्चीवर मार्चपासून सुरू करावे आणि फेलोशिपचे आठवडे विश्लेषणाला व पॅनेल सिम्युलेटरखाली (कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या दिव्याखाली) तपासायला ठेवावेत. मांडणी सोपी आहे: एकाच बॅचची दोन पॅनेल, एक रोज ठरलेल्या वेळी पुसायचे, दुसऱ्याला हात लावायचा नाही, दोघांचा शॉर्ट-सर्किट करंट दर मिनिटाला नोंदवायचा. चूक होते ती पायरॅनोमीटरमध्ये, म्हणजे सूर्यप्रकाश मोजणाऱ्या उपकरणात. त्याच्या काचेवरही धूळ बसते, तो प्रकाश कमी दाखवतो आणि पॅनेलचे नुकसान आहे त्यापेक्षा कमी भासते. काच रोज पुसा. तापमानाचा सेन्सर पॅनेलच्या मागे सेलच्या मधोमध चिकटवा आणि चिकटपट्टी उन्हाने सुटली का, हे दर आठवड्याला पाहा. सेल ६५ अंशांवर असेल तर प्रमाणित २५ अंशांच्या तुलनेत, ०.३५ टक्के प्रति अंश धरून, १४ टक्के शक्ती निव्वळ उष्णतेने जाते. ही दुरुस्ती केली नाही तर तेही धुळीच्या खात्यावर पडते.

बायोगॅसवाल्यांनी दोनदा विचार करावा. ३७ अंशांवरच्या एका बॅच चाचणीला महिना सहज लागतो, म्हणजे एकच संधी मिळते. विरजणाचा गाळ (जिवाणू असलेला, प्रक्रिया सुरू करणारा गाळ) आधी तयार नसेल तर तीही जाते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ‘व्हिजिटिंग फॅकल्टी प्रोग्रॅम’ची लिंक प्राध्यापकांच्या गटांत फिरत असते. नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असल्याशिवाय तो आपल्या कामाचा नाही. त्याची रचना मात्र पाहण्यासारखी आहे: दहा आठवडे राष्ट्रीय प्रयोगशाळेत, प्रस्ताव तिथल्या शास्त्रज्ञाबरोबर आधीच मिळून लिहिलेला, सोबत आपले विद्यार्थी नेण्याची सोय. आपल्या उन्हाळी फेलोशिपमध्ये उणीव आहे ती नेमकी हीच. मार्गदर्शकाची नेमणूक अकादमी करते. त्यामुळे निवडीचे पत्र आल्याबरोबर मार्गदर्शकाला दोन पानी आराखडा पाठवा, पहिल्या दिवसाची वाट पाहू नका.

भागीदारीच हवी असेल तर ‘टेअर’ पाहा. एसईआरबी या केंद्र सरकारच्या संशोधन निधी मंडळाने सुरू केलेली ही योजना; एसईआरबी आता एएनआरएफमध्ये (अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमध्ये) विलीन झाले आहे. एसईआरबीच्या नियमांत मुदत तीन वर्षांची, प्राध्यापकाला वर्षाला ६०,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला ५ लाख, तेही यजमान संस्था आणि आपली संस्था यांच्यात निम्मे-निम्मे. या निम्म्या वाट्यामुळेच फरक पडतो: अडीच लाखांत डेटा लॉगर, सेन्सर, रसायने आपल्या प्रयोगशाळेत येतात आणि काम दोन्हीकडे चालू राहते. अट अशी की पद नियमित हवे. विनाअनुदानित महाविद्यालयांत कंत्राटी किंवा तात्पुरत्या मान्यतेवर असलेल्यांची गाडी इथेच अडते. दुसरे दुखणे लेखा विभागाचे. दरवर्षी खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. मंजुरी येताच लेखापालाबरोबर बसून स्वतंत्र खाते आणि खरेदीची पद्धत ठरवून घ्यावी.

वर्षाला ९० दिवस यजमान संस्थेत घालवायचे असतात, आणि इथे ठाणे-नवी मुंबईकरांचे नशीब चांगले. पवईची आयआयटी ठाण्याहून धीम्या लोकलने कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा, एवढ्यावर आहे. वाशी-नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन तोच रस्ता. सौर विषयासाठी २०१० पासून तिथे एनसीपीआरई हे सौर विद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रच आहे. उन्हाळ्यात ४० दिवस, दिवाळीच्या सुट्टीत १० आणि वर्षभरातले ४० शनिवार, असा हिशेब बसतो. फक्त शनिवारवर फार विसंबू नका: तंत्रज्ञ चालवतात ती उपकरणे त्या दिवशी बहुधा बंद असतात. तो दिवस सायकलरची (बॅटरी आपोआप चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राची) आकडेवारी उतरवायला आणि लिखाणाला ठेवा, एसईएमची पाळी उन्हाळ्याच्या ४० दिवसांतच लावून घ्या, आणि हजेरीची नोंद मार्गदर्शकाच्या सहीने त्या-त्या महिन्यात पूर्ण करा.