अपेंडिक्सचं दुखणं चीनमध्ये उद्भवलं तर: काढा, अँटिबायोटिक की ऑपरेशन?

वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेली मुलं, यीवू-ग्वांगझौला माल घ्यायला जाणारे व्यापारी, तिकडच्या कंपन्यांत नोकरी करणारी मंडळी. मराठी घरांना चीन आता तितकासा परका राहिलेला नाही. अशा एखाद्याला तिथे पोटात उजवीकडे खाली कळ आली आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर सर्जन येतोच, पण बऱ्याच रुग्णालयांत पारंपरिक चिनी औषधांचा विभागही असतो आणि काढ्याचा विषय निघू शकतो. मग इकडून फोन जातो, "ऑपरेशन टाळता येतंय का बघ ना." हा आढावा त्या फोनच्या दोन्ही टोकांना असलेल्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काढा की सुरी, असा हा सामना नाही. अपेंडिक्स कोणत्या अवस्थेत आहे हे कळलं की निम्मा निर्णय झालेला असतो, आणि ते कळायला सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. गंमत अशी, की चिनी वैद्यकाचा जुना ग्रंथसुद्धा नेमक्या याच प्रश्नावर बोट ठेवतो.

दुखणं कसं समजून घेतात

आधुनिक वैद्यकाचं म्हणणं आपल्या परिचयाचं आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला बोटभर लांबीची एक नळी लोंबते. विष्ठेच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने तिचं तोंड बंद झालं की आत दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो, जंतू माजतात आणि शेवटी ती कुजते किंवा फुटते. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये हा आजार अपेंडिक्सचाच आहे हे मांडलं. 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरचा तो बिंदू दाखवला, जो दाबून आजही डॉक्टर "इथे दुखतं का?" विचारतात.

चिनी वैद्यकात अपेंडिक्स हा वेगळा अवयव म्हणून येत नाही. तिथे या दुखण्याला 'छांग-योंग' म्हणतात, म्हणजे आतड्यातलं गळू. अवेळी आणि जड खाणं, थंडी बाधणं, जेवून उठल्याउठल्या धावपळ, मनस्ताप यांनी आतड्याची वाहती गती अडते, असं ते मानतात. अडलेल्या जागी उष्णता आणि ओल साठते, रक्त साकळतं आणि सडून त्याचा पू होतो. वाट अडली की दुखणारच, हे त्यांचं मूळ सूत्र. आयुर्वेदातला अवरोध आणि आमाचा विचार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही, पण दोन्ही शास्त्रं एकच समजण्याच्या भानगडीत पडू नये.

इसवी सन 200 च्या आसपास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने केलेलं वर्णन मात्र थक्क करणारं आहे. ओटीपोट सुजून घट्ट होतं, दाबलं की लघवीच्या विकारासारखी कळ जाते, पण लघवी स्वतः व्यवस्थित होत असते. ताप येतो-जातो, घाम सुटतो, थंडी वाजते. लघवी व्यवस्थित आहे हे मुद्दाम लिहिणं म्हणजे मूतखड्यासारखी दुखणी बाजूला काढणं. आजचा सर्जनही लघवीची तपासणी काहीशी त्यासाठीच करायला लावतो. पुढे झांग नाडीवर येतो. नाडी मंद आणि ताठ असेल तर पू अजून झालेला नाही, जुलाब देता येईल. नाडी उसळती आणि जलद असेल तर पू झालाय, जुलाब देऊ नये.

म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीच्या या वैद्यालाही आपल्या औषधाची हद्द माहीत होती. त्याच्याकडे नाडीवर ठेवायला तीन बोटं होती, एवढंच. आज सोनोग्राफीत नळीची जाडी 6 मिलिमीटरच्या वर गेली आहे का, आत खडा अडकलाय का, बाहेर पाणी किंवा पू साचलाय का, हे दिसतं. प्रश्न तोच आहे, उत्तर देणारं साधन बदललंय. म्हणून फक्त नाडी आणि जीभ बघून कुणी अपेंडिक्सवर काढा देत असेल, तर तिथून उठावं.

काढ्यात असतं काय

या दुखण्याचा सर्वांत प्रसिद्ध काढा झांग झोंगजिंगचाच, पाच घटकांचा. रेवंदचिनीचं मूळ आणि सोडियम सल्फेटचा खार हे दोन सारक. मुदान नावाच्या फुलझाडाच्या मुळाची साल आणि पीचच्या आठळीतला गर हे साकळलेलं रक्त हलवण्यासाठी. आणि पू काढण्यासाठी चक्क कोहळ्याच्या बिया. आजचे चिनी वैद्य त्यात हनीसकलची फुलं, डँडेलियन, पॅट्रिनिया अशा 'उष्णता उतरवणाऱ्या' वनस्पतींची भर घालतात.

दुसरं एक औषध पू झालेल्या, रेंगाळलेल्या दुखण्यासाठी आहे आणि त्यात 'फूझी' असते. ही आपल्या बचनागाची जातभाई. नीट शोधन न केलेली किंवा जास्त मात्रेत पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. बाजारातून पुडी बांधून आणण्याची ही वस्तू नव्हे.

सुयाही आहेत. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला 'लानवेई' नावाचा बिंदू मानतात. अपेंडिक्स सुजलं की तिथे दाबल्यावर दुखतं असं वैद्य सांगतात, आणि उपचाराची सुईही तिथेच टोचतात.

या सगळ्याला रुग्णालयात मानाची जागा मिळाली ती गेल्या शतकात. 1958 मध्ये माओंनी चिनी वैद्यक हा मोठा खजिना असल्याचं जाहीर केलं, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांना परंपरा शिकायला लावलं, आणि खेड्यापाड्यांत शस्त्रक्रियेची सोय तर तुटपुंजीच होती. तिएनजिनच्या नानकाय रुग्णालयातले सर्जन वू शियानझोंग यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवर दोन्ही पद्धती एकत्र वापरण्याचं काम उभं केलं. अपेंडिक्सच्या त्यांनी तीन पायऱ्या केल्या: साकळणं, उष्णता साठणं, आणि विषारी उष्णता. पहिल्या दोन पायऱ्यांवर काढ्याला वाव. तिसरीत, पोटभर पू पसरल्यावर, ऑपरेशनची तयारी. ही विभागणी सर्जननेच केलेली आहे, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पुरावा कुणाच्या बाजूला किती

इथे तराजू स्पष्ट झुकतो. काढ्याने बरे झालेल्यांचे चिनी अहवाल भरपूर आहेत, पण त्यांत बऱ्याचदा काढ्यासोबत अँटिबायोटिकही चालू असतं, आणि जुन्या काळात तर स्कॅनच नव्हता. त्यातून काही सौम्य अपेंडिसायटिस औषधाविनाही बसतात. मग गुण नेमका कशाचा, ते वेगळं काढता येत नाही.

अँटिबायोटिकची परीक्षा मात्र कडक झाली आहे. फिनलंडमध्ये 530 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, साधा, खडा नसलेला अपेंडिसायटिस केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी 27 टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं. पाच वर्षांत दुखणं उलटण्याचं प्रमाण 39 टक्क्यांवर गेलं. अमेरिकेत 1,552 रुग्णांच्या चाचणीत 90 दिवसांत 29 टक्क्यांचं ऑपरेशन झालं, आणि ज्यांच्या नळीत खडा होता त्यांच्यात ते 41 टक्के होतं. म्हणजे दहापैकी सहा-सात जणांचं ऑपरेशन टळू शकतं, पण टांगती तलवार राहते. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तर भूल, जखमेचा संसर्ग, क्वचित आतड्यांची चिकटण एवढे धोके पत्करावे लागतात, पण बहुतेकांचा विषय तिथे संपतो. परीक्षा तोंडावर असलेल्या किंवा रुग्णालय दूर असलेल्या गावी राहणाऱ्या माणसाने हे 39 टक्के नीट तोलावेत.

काढ्यात सारक असतात, ही माझी सर्वांत मोठी शंका आहे. तोंड बंद झालेल्या, फुगलेल्या नळीच्या शेजारी आतडं जोरात ढवळणं सर्जनला धडकी भरवतं. आपल्याकडेही पोट दुखलं की एरंडेल पाजण्याची सवय कित्येक घरांत आहे. उजव्या बाजूच्या कळीत ती मोडलेलीच बरी. आणि खूप दुखत असताना अचानक आराम पडला तर खूश होऊ नये. नळी फुटल्यावरही दाब उतरून थोडा वेळ असंच बरं वाटतं.

रेस्टन यांची गोष्ट, खरी कशी घडली

अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन जुलै 1971 मध्ये बीजिंगमध्ये होते. तिथे त्यांचं अपेंडिक्स दुखावलं. "सुया टोचून, भूल न देता त्यांचं ऑपरेशन केलं" ही कथा तेव्हापासून जगभर फिरते आहे. ती चूक आहे. ऑपरेशन नेहमीच्याच पद्धतीने, औषधाच्या इंजेक्शनने जागा बधिर करून झालं. सुया आल्या नंतर, पोटात वायू धरून ते बेचैन झाल्यावर. कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली टोचल्या, पोटाजवळ एक वनस्पती जाळून धग दिली, आणि तासाभरात त्यांना हलकं वाटलं. हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, पण परंपरेची जागा कुठे आहे, याचा अंदाज यातून येतो.

मग ठरवायचं कसं

स्कॅनमध्ये साधी सूज, खडा नाही, ताप बेताचा: अँटिबायोटिक किंवा ऑपरेशन, दोन्ही सयुक्तिक. रुग्णालयात दाखल असताना, सर्जनच्या देखरेखीखाली, अँटिबायोटिकच्या जोडीला काढा मिळत असेल तर मी भांडणार नाही. अँटिबायोटिकऐवजी काढा म्हणाले, तर नको म्हणेन.

खडा असेल, नळी फुटली असेल, पोट फळीसारखं कडक झालं असेल, तर ऑपरेशन. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यात लक्षणं फसवी असतात आणि नळी फुटण्याचा धोका जास्त, तिथे प्रयोग नकोत. गरोदर बाईला तर रेवंदचिनी, खार, पीचचा गर हे चिनी वैद्यकही वर्ज्यच मानतं. शिवाय दिवस पुढे गेले की अपेंडिक्स वर सरकतं आणि कळ भलत्याच जागी येते.

उरते ती मधली अवस्था: दुखणं चार-पाच दिवसांचं झालंय आणि अपेंडिक्सभोवती गोळा धरलाय. इथे सर्जनही बऱ्याचदा लगेच सुरी लावत नाही. अँटिबायोटिक देतो, पू साचला असेल तर सुईने काढतो. चिनी रुग्णालयांत परंपरेचा उपयोग इथे जास्त दिसतो: काढा तोंडाने किंवा एनिमाने, आणि त्याच सोडियम सल्फेटच्या खाराची कापडी पिशवी पोटावर. ओल शोषून पिशवी दगडासारखी कडक झाली की बदलतात. लसणाचा लेपही लावतात, पण त्याने कातडी भाजते, तेव्हा जागेवर लक्ष ठेवावं. वय चाळिशीपुढे असेल तर गोळा विरल्यावर काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करून घ्यावी, कारण गोळ्यामागे कधीकधी कर्करोगाची गाठ दडलेली असते.

काढा घेतलाच असेल तर भूलतज्ज्ञाला सांगायला विसरू नका. काढा पोटात गेला म्हणजे पोट रिकामं नाही, आणि रक्त हलवणारे त्यातले घटक रक्तस्राव वाढवू शकतात. हल्ली काढा रुग्णालयातच उकळून सीलबंद पिशव्यांत देतात, नुसत्या पिशवीवरून आत काय आहे ते कळेलच असं नाही. म्हणून घटकांची चिठ्ठी मागून घ्या, तिचा फोटो काढा आणि दाखल होताना तो सर्जनला दाखवा.