अंगठाबहाद्दर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता अभियानाचे वर्ग चालायचे. रात्रीची जेवणं आटोपली की मी शाळेच्या पडवीत पेट्रोमॅक्स लावून बसायचो. समोर बागेत राबून आलेले, होडीवरून उतरलेले आजे-आज्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवायचे. एखादा कंटाळला की मी म्हणायचो, "काय आबा, जन्मभर अंगठाबहाद्दरच राहायचंय का?" सगळे हसायचे. तो शब्द मी किती सहज वापरायचो, हे गेल्या श्रावणात कळलं. तेव्हा मी, जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय वर्षं 73, एका परक्या माणसाच्या यंत्रावर तीनदा अंगठा टेकवला आणि वीस हजार रुपयांना मुकलो.

आमचं गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्ग खाडीच्या अंगाला. वाडीत तरुण माणूस दिसतो तो गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी आम्ही म्हातारेच. पेन्शनर, माजी नौसैनिक, एसटीतून निवृत्त झालेले, बाकी बागेवर नाहीतर मासळीवर जगलेले. आजारपण आलं की पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा गाडीचा. साधा ताप प्राथमिक आरोग्य केंद्रात निभावतो, पण मोठं काही निघालं की ओरोस, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी. त्यामुळे "पाच लाखांचं कार्ड" हे शब्द आमच्याकडे हवेत फिरत होतेच. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत घेतल्याची बातमी ऑक्टोबर 2024 मध्ये आली होती. मी ती वाचलीही होती, पण अर्धी. पुढचं सगळं या अर्धेपणातून घडलं.

दोघंजण आले. एकजण बोलणारा, दुसरा लॅपटॉप आणि यंत्र सांभाळणारा. बोलणारा पस्तिशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. थेट माझ्या घरी आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, माझा आजोळ कुणकेश्वराक." कोकणात एवढं पुरतं. पुढच्या पाच मिनिटांत आमच्या हिने त्याच्यापुढे कोकम सरबत ठेवलेलं होतं. तो स्वतःला पेन्शनरांचा आरोग्य विमा सल्लागार म्हणवत होता. "सरकारी योजना चांगल्या असतात, पण लोकांना कळत नाहीत. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने पुढाकार घेतला तर वाडीचं कल्याण होईल." जाणता माणूस! शिक्षकाला पेन्शन मिळते, पण मान मिळायचा थांबलेला असतो. तो कोणी हातात आणून दिला की आपण घेतो.

त्याने विचारलं, "रेशन कार्ड कुठलं?" मी म्हटलं, पांढरं. त्याने चुकचुकल्यासारखं केलं. "तिथेच अडतं बघा. पिवळ्या-केशरीवाल्यांना फुकट. पांढऱ्यावाल्यांना नोंदणी शुल्क भरावं लागतं. माणशी 1,850, एकदाच." मला ते पटलं, कारण आयुष्यभर पांढऱ्या कार्डावर काहीच मिळालेलं नव्हतं. खरी गोष्ट अशी की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्य सरकारने जुलै 2023 च्या निर्णयाने सगळ्याच रेशन कार्डधारकांना लागू केली, पांढऱ्यासकट, आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला तर रेशन कार्डाचा रंग लागतच नाही. आधारवरचं वय बघतात. दोन्हीकडे नोंदणीला एक पैसा लागत नाही. पण ती माझी अर्धी बातमी इथेच संपलेली होती, आणि उरलेली अर्धी त्याने पुरवली.

मग आमच्या हिचा प्रश्न आला. ती 69 वर्षांची. सत्तरला अकरा महिने कमी. "काकूंचं वय अ‍ॅडजस्ट करून देतो, वेगळे बाराशे होतील." आधारवरची जन्मतारीख बाराशे रुपयांत बदलणारा माणूस समोर बसलाय, हे ऐकून मी त्याला उठवायला हवं होतं. मी काय केलं? बाराशेचे हजार करायला लावले. घासाघीस करताना आपण फसवले जातोय असं वाटतच नाही.

शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, सोय आहे, पॉलिक्लिनिकमधून रोजची औषधंही मिळतात. त्यांना हा म्हणाला, "दोन्ही चालतात, जास्तीचे पाच लाख." ते खोटं. ईसीएचएस किंवा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस असलेल्याला दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, आणि आयुष्मानमध्ये दाखल न होता केलेली तपासणी किंवा रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या येत नाहीत. उपचार दाखल होऊन घ्यायचे, तेही योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्यापुरती तपासणी आणि औषधं धरलेली असतात. आमच्या सल्लागाराने मात्र गोळ्या, चष्मा, दातांची कवळी, स्वतंत्र खोली, सगळंच देऊन टाकलं होतं. माणशी पाच लाखही त्याचेच. प्रत्यक्षात ते वर्षाला घरटी असतात. एका घरात सत्तरीपुढचे दोघं असले तर दोघांत मिळून पाच लाख.

शिबिर दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. मोबाईलला रेंज नव्हती, ती आमच्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, गेल्याशिवाय मिळतच नाही. लॅपटॉपसाठी नेटची सोय मात्र त्यांनी स्वतः आणली होती. त्याने जागा तीच का मागून घेतली, हे आता कळतं. रांगेत पहिला मी. आधार क्रमांक सांगितला. "पेन्शन कुठल्या बँकेत? उपचाराचं अनुदान त्याच खात्यात येतं." बँकेचं नाव सांगितलं. मग ते यंत्र पुढे आलं. आगपेटीपेक्षा थोडं मोठं, काचेखाली लाल उजेड.

अंगठा ठेवला. यंत्र बीप वाजलं. लॅपटॉपवाला म्हणाला, "उठला नाही नीट." बोलणाऱ्याने खिशातला रुमाल काढून माझा अंगठा स्वतः पुसला, अगदी मायेने, आणि पुन्हा टेकवला. पुन्हा बीप. "अजून एकदा गुरुजी, वयामुळे रेषा पुसट होतात." तिसरा. यातला एक ठसा कदाचित खरोखरच वाया गेला असेल. दोन गेले नव्हते.

मला संशय का आला नाही, हे लोक विचारतात. अहो, आम्हा म्हाताऱ्यांचं सगळं अंगठ्यावरच चालतं. रेशन दुकानात अंगठा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला अंगठा. खऱ्या आयुष्मान कार्डाच्या पडताळणीतही ठसा हा एक मार्ग आहेच. ओटीपी कुणाला सांगू नका हे मला पाठ होतं, मुलाने चारदा बजावलं होतं. त्या माणसाने ओटीपी मागितलाच नाही. आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, बस्स. एका वेळी दहा हजारांपर्यंत. ही सोय केली होती ती आमच्यासारख्यांसाठीच, गावात बँक नसली तरी पैसे हातात यावेत म्हणून.

माझ्यामागे रांग सरकत होती. कुणीतरी म्हणालं, "गुरुजींनी अंगठो दिल्यानी, मगे आपणाक काय जाता?" ते वाक्य मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. आज ते आठवलं की जेवणावरून उठावंसं वाटतं. त्या दिवशी तेवीस जणांनी शुल्क भरलं, तेही मी सांगितलं म्हणून.

एक काकी होती. काजूच्या कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं बिया फोडलेली. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी कितीदा सोलून निघालेली, अंगठा काचेसारखा गुळगुळीत. यंत्राने तिचा ठसा घेतलाच नाही. सहा-सात वेळा पुसून, दाबून, डाव्या हाताचा करून झालं. शेवटी त्या माणसाने "काकी, तुमका नंतर बघूया" म्हणून बाजूला बसवलं. ती देवळाच्या पायरीवर रडत बसली. पाच लाख हातचे गेले म्हणून. त्या दिवशी तिच्या खात्यातून काहीही गेलं नाही.

आम्हाला तिथेच लॅमिनेशन केलेली कार्डं मिळाली. फोटो, तिरंगी पट्टी, पाच लाखांचा आकडा. कार्ड क्रमांक म्हणून माझाच आधार क्रमांक छापलेला होता. हे मला बारा दिवसांनी दिसलं, वाचनाचा चष्मा लावून.

बँकेत माझा म्हणून जो मोबाईल क्रमांक आहे तो मुलाचा. तो डोंबिवलीला असतो. दहा हजारांचे दोन मेसेज त्याला त्याच दुपारी लोकलमध्ये आले. त्याला वाटलं, अप्पांनी गणपतीच्या खर्चाला काढले असतील. गणपतीला आला तेव्हा मखराचे कागद कापताना सहज म्हणाला, "अप्पा, यंदा वीस हजार काढलेत?" मी म्हटलं, "कुठले वीस?"

दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन शाखेत गेलो. छापून आलेल्या ओळीत एईपीएस, म्हणजे आधारवरून पैसे काढल्याची, अक्षरं होती, दोनदा. शाखेतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "अंगठा तुमचाच आहे, गुरुजी." रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम मला त्यानंतर कळला. दोष आपला नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर भार आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत येतो. सातच्या पुढे बँकेच्या धोरणावर. मी बाराव्या दिवशी उभा होतो, आणि दोष माझा की नाही हा वाद वेगळाच. 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात जबाब दिला. पोलिसांनी विचारलं, "शुल्काची पावती?" पावती नव्हती. आयुष्यभर मुलांना उत्तरासमोर एकक लिहायला शिकवलं, आणि स्वतः पावती मागितली नाही. हे लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत.

सर्वांत कठीण काम त्यानंतरचं. वाडीत घरोघर जाऊन सांगायचं की पासबुक छापून आणा. काहींची खाती आधारशी जोडलेलीच नव्हती, ते वाचले. काहींचे तीन-चार हजारच शिल्लक होते, तेवढेच गेले. एका आजोबांनी ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि म्हणाले, "तू मुद्दाम नाय केलंस मां." यापेक्षा शिवी बरी.

तोडगे साधे आहेत, मला उशिरा कळले एवढंच. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग कुणी ठसा घेतला तरी चालत नाही. रेशनच्या किंवा हयातीच्या दाखल्याच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं. आधारचा मदत क्रमांक 1947. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हाताशी हवा, डोंबिवलीत नव्हे. मी बँकेतला क्रमांकही बदलून माझा केला आणि आधारवरून पैसे काढण्याची सोय अर्ज देऊन बंद करून घेतली. मुलाला राग आला थोडा. येऊ दे. आणि योजनेबद्दल काही विचारायचं तर आयुष्मानसाठी 14555, फुले योजनेसाठी 155388. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा. पायाला हात लावणाऱ्याला नको.

दिवाळीनंतर आशाताईंना गाठलं आणि आम्ही खरी कार्डं काढली. माझं निघालं. आमच्या हिचं सत्तरीनंतर निघेल. तोवर ती फुले योजनेत आहेच, हे आरोग्यमित्राने रेशन कार्ड बघून सांगितलं. त्या काजूवाल्या काकीचा प्रश्न होता, ठसा तर कुठेच उठत नाही. आशाताई म्हणाल्या, चेहऱ्याने होईल. रेंजसाठी तिला सड्यावर नेलं. आंब्याच्या कलमाखाली दगडावर बसवली, फोन समोर धरला. "काकी, डोळे मिटा. आता उघडा." तिने डोळे एवढे घट्ट मिटले की तीनदा करावं लागलं. मग पडद्यावर हिरवी खूण आली आणि थोड्या वेळाने तिचं नाव.

काकीने कमरेची पिशवी सोडली. "किती झाले?"

"काही नाही. फुकट आहे."

तिने पिशवी तशीच हातात धरून आधी आशाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

"फुकट? मगे गुरुजी, ह्या खरा कशावरसून?"