जिमबाहेरची फुकट ‘फॅट टेस्ट’ आणि 14,000 रुपयांच्या हिरव्या गोळ्या

गोव्यात फोंड्याला एका जिमबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाने माझ्या धाकट्या भावाला 14,000 रुपयांना गंडवलं. भाऊ 23 वर्षांचा, वजन 96 किलो, वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टची नोकरी. पोटावरून सगळे बोलतात, तो गप्प ऐकून घेतो. हे लोक नेमकी अशीच पोरं हेरतात, म्हणून सगळं लिहिते.

‘फॅट टेस्ट फुकट’ असा बोर्ड आणि मोबाइलला जोडलेला वजनकाटा. पहिल्यांदा चरबी 34 टक्के दाखवली. मग शेवाळाच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारला. व्यायाम नको, शीत-कडी (भात-आमटी) सोडायची नाही, चरबी आपोआप वितळणार! पैसे मोबाइलवरून घेतले, पावती नाही.

महिन्याभराने काट्यावर 29 टक्के. भाऊ खूश. पण पट्टा अजून त्याच भोकात लागत होता, ते मला खटकलं. पुढच्या खेपेला मी सोबत गेले आणि त्या माणसाच्या मोबाइलची स्क्रीन बघायला मागितली. भावाची उंची 168 सेंटीमीटर. तिथे 178 भरलेली, वर ‘अ‍ॅथलीट’ हा पर्याय निवडलेला. हा काटा चरबी थेट मोजतच नाही. तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो, शरीर त्या प्रवाहाला किती अवरोध करतं ते मोजतो आणि उंची, वय, वजन धरून अंदाज काढतो. उंची वाढवली किंवा ‘अ‍ॅथलीट’ निवडलं की चरबी कमी दिसते. खरी माहिती भरायला लावली आणि आकडा पुन्हा 34 च्या आसपास गेला. भावाचा चेहरा बघवत नव्हता. “ताई, तुम्हाला यातलं कळत नाही,” म्हणत त्या टेबलवाल्याने फोन खिशात टाकला.

गोळ्या स्पिरुलिना नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या. स्पिरुलिनात प्रथिनं भरपूर, ते खोटं नाही. पण लठ्ठ माणसांवरच्या चाचण्यांत रोज काही ग्रॅम, कित्येक आठवडे देऊनही वजनात सरासरी दीड-दोन किलोंचाच फरक दिसतो. भावाला रोज 500 मिलिग्रॅमची एकच गोळी सांगितली होती. शिवाय असं शेवाळ दूषित पाण्यात वाढवलं तर त्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष येऊ शकतं. इथे बाटलीवर बॅच नंबरसुद्धा नव्हता. बाटलीवरचा 14 अंकी परवाना क्रमांक एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला, तर तो परराज्यातल्या एका मसालेवाल्याचा निघाला.

लठ्ठपणावरच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून बाटलीवर फक्त ‘फूड सप्लिमेंट’ छापतात आणि औषधाचे दावे तोंडाने करतात. लेखी पुरावा हाती लागत नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. टेबल फोंड्यातून उठलंय. भावाच्या मित्राला तोच बोर्ड म्हापशात दिसला. तिथल्या पोरांनो, काट्यावर चढायच्या आधी टेबलवाल्याच्या मोबाइलवर तुमची उंची किती भरली आहे ते बघा, आणि दोन्ही वेळच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.