आंबोली उतरून पाहिलेले मत्स्यालय

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आपल्याला समुद्रातले मासे बहुधा बाजारात बर्फावरच भेटतात. म्हणून सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचे एक लहान खासगी मत्स्यालय पाहायला आंबोली घाट उतरून गेलो. परदेशी रंगीत माशांपेक्षा स्थानिक जिवांना येथे अधिक जागा दिली आहे, हे मला विशेष आवडले.

सर्वांत जास्त वेळ पाकट या चपट्या माशाच्या टाकीपुढे गेला. वाळूत अंग पुरून पडलेल्या पाकटाचे तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे तो डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत घेतो, आणि ती छिद्रे उघडझाप करताना येथे अगदी जवळून दिसतात. शेजारी समुद्रघोडे शेपटीने शेवाळाला धरून होते. यांच्यात अंडी नराच्या पोटावरील पिशवीत वाढतात, हे ऐकून आमच्या सौ.नी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो तिकिटाच्या पैशात धरलेला नव्हता! बांगडा मात्र येथे नाही. सतत पोहणाऱ्या, थव्याने राहणाऱ्या माशाला एवढ्या टाकीत ठेवणे योग्यही नव्हे.

उणीव आहे ती फलकांची. बहुतेक ठिकाणी इंग्रजी व शास्त्रीय नावेच असून शेवंड, तारली, मोरी ही रोजची नावे कुठेच नाहीत. दोन टाक्यांच्या काचाही शेवाळाने हिरवट झाल्या होत्या. लहान मुलांना न्यायचे असल्यास गर्दीचा रविवार टाळून सकाळीच जावे, कारण आतील वाट अरुंद आहे.