‘तोस्का’चे १९५३चे ध्वनिमुद्रण : एका गाऱ्हाण्यासाठी घ्यावा असा संच

नाट्यपदांवर कान तयार झालेल्या श्रोत्याने ऑपेरा कोठून ऐकायला सुरुवात करावी, असे जळगावात कोणी विचारले, तर मी इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे १९५३ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झालेले ध्वनिमुद्रण सुचवतो. मारिया कॅलास, ज्युझेप्पे दि स्तेफानो आणि तीतो गोब्बी हे त्यातील गायक असून वाद्यवृंद व्हिक्तोर दे साबाता यांच्या हाताखाली आहे. वॉर्नर कंपनीने २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली.

हा संच घ्यावा तो मुख्यतः दुसऱ्या अंकातील ‘विस्सी दार्ते’ या आरियासाठी, म्हणजे ऑपेरातील एकल गाण्यासाठी. निवडक गाण्यांच्या संग्रहांतून ती सुटी ऐकली, की एखादे करुण प्रेमगीत असावे असा समज होतो. प्रसंग कळल्यावर मात्र तिचा अर्थ पार बदलतो. जून १८०० मधील रोम. पोलीसप्रमुख स्कार्पिया याने गायिका तोस्काच्या प्रियकराचा शेजारच्या खोलीत छळ करवला आहे, त्याला फाशी ठरली आहे, आणि तिने स्वतःला आपल्या स्वाधीन केले तरच त्याचा जीव वाचेल, अशी अट तो घालतो. त्या क्षणी ती देवाला विचारते, की मी कलेसाठी आणि प्रेमासाठी जगले, कोणाचे वाईट केले नाही, गुपचूप हाताने गोरगरिबांची दुःखे हलकी केली, वेदीवर फुले वाहिली, मॅडोनाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, वस्त्राला रत्ने दिली. मग या घडीला, प्रभो, तू मला हे असे फळ का देतोस? चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्या आणि देवीला साडीचोळी वाहणाऱ्या खान्देशातील बायांना हे गाऱ्हाणे परके वाटणार नाही. हिशेब मांडण्याइतकी जवळीक असल्यावाचून देवाशी असे कोणी बोलत नाही.

या आरियामुळे नाट्य थांबते, असे खुद्द पुच्चीनीलाच वाटत असे, असे सांगतात. मला ते पटत नाही. कॅलास पहिल्या ओळी जवळजवळ बोलल्यासारख्या, दबल्या आवाजात म्हणते. भक्तीची आठवण निघते तेव्हा वाद्यवृंदात उमटणारी धून पहिल्या अंकात, मॅडोनासाठी फुले घेऊन तोस्का चर्चमध्ये येते तेव्हाचीच आहे. म्हणून पहिला अंक वगळू नये. शेवटी ‘प्रभो’ या शब्दावर स्वर उंच चढतो तेव्हा कॅलासच्या आवाजाला किंचित धारदारपणा येतो. काहींना तो खटकतो. मला तो त्या प्रश्नाला शोभणाराच वाटतो.

ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे, आहे, त्यामुळे आजच्या स्टिरिओची सवय असलेल्यांना वाद्यवृंद थोडा एकवटलेला वाटेल. मराठी अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. ऐकण्याआधी दुसऱ्या अंकाचे कथानक वाचून घ्यावे.

बालगंधर्व महोत्सवाच्या मैफलींत वाढलेल्या आपल्या कानांना अशा पदानंतर टाळ्यांची आणि ‘वन्स मोअर’ची अपेक्षा असते. रंगमंचावर येथेही टाळ्या पडतात. मात्र प्रेक्षकांविना झालेल्या या मुद्रणात त्या नाहीत. तोस्काचा स्वर विरतो न विरतो तोच गोब्बीचा स्कार्पिया थंडपणे विचारतो, की तुझा निर्णय झाला का, आणि अंक पुढे सरकतो.